हात दुखतात, पण फराळाचे डबे द्यायचेत: काय ठेवावं, काय सोडावं?

मोगरी
दिवाळीला अजून साडेतीन आठवडे आहेत, पण यंदा आधीपासून आखणी केल्याशिवाय माझं काही खरं नाही, म्हणून आत्ताच धागा काढतेय.

मी ठाण्यात राहते, वय ४८. तीन वर्षांपूर्वी आमवात निघाला, डॉक्टरी भाषेत र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. औषधं चालू आहेत, बरंच आटोक्यात आहे. तरी सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कात्रीने कापते, कुकरचं झाकण नवरा ऑफिसला जाताना लावून जातो. अकरा ते तीन हात बऱ्यापैकी माझे असतात, मग पुन्हा कुरकुर सुरू.

आमच्याकडून दरवर्षी १४ डबे जातात. मजल्यावरचे, दोन नणंदा, भाऊ, मुलाच्या क्लासच्या बाई, वॉचमन, इस्त्रीवाले. गेल्या वर्षी हट्टाने सगळं केलं. एकट्या चकल्याच दीड किलो भाजणीच्या. लक्ष्मीपूजनाला पणत्या मांडल्या आणि काडेपेटीतली काडी दोन बोटांत धरता येईना. दोनदा घसरून पडली. तिसऱ्यांदा मुलाने काही न बोलता माझ्या हातातून काडेपेटी घेतली.

तर विचारायचंय असं, की कोणते पदार्थ ठेवावेत आणि कोणते सोडावेत? हातावरचा ताण कमी करणाऱ्या कुणाच्या काही युक्त्या आहेत का? आणि थोडं विकतचं घालून डबा दिला तर तसं सांगावं का?

एक विनंती. "कशाला करतेस, हल्ली सगळं मिळतं" हे लिहू नका. ते मला घरात, दारात आणि लिफ्टमध्ये सांगून झालेलं आहे.

टवाळ_बोका
पदार्थांचं जाणकार सांगतील. मी फक्त पंधराव्या डब्यासाठी पत्ता पाठवून ठेवतो.

कोथिंबीरवडी
मोगरी, माझं दुखणं वेगळं, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज आहे. पण भोग सारखेच. बेसन भाजणं हे सगळ्यात छळणारं काम, अर्धा-पाऊण तास एकाच खांद्याने ढवळायचं. मी आता मायक्रोवेव्हमध्ये करते. दोन वाट्या रवाळ बेसन, पाऊण वाटी तूप, काचेच्या पसरट भांड्यात. दोन मिनिटं लावायचं, बाहेर काढून ढवळायचं, पुन्हा दोन मिनिटं. रंग बदलायला लागला की एकेकच मिनिट, कारण तिथून करपायला वेळ लागत नाही. माझ्याकडे आठ-नऊ मिनिटांत होतं, तुमच्या मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे. शेवटी दुधाचा हबका द्यायचा, छान कणी येते.

दुसरं म्हणजे लाडू वळायचेच नाहीत. ताटात थापून वड्या पाडायच्या. वळताना पाचही बोटं आवळावी लागतात, थापायला नुसता तळहात पुरतो. तोही नको असेल तर वाटीच्या बुडाने दाबा. चव तीच. आमच्याकडे पहिल्या वर्षी "हे काय, लाडू नाहीत?" झालं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षातही नव्हतं.

सोऱ्यावाला
चकलीबद्दल लिहितो, कारण तो माझा प्रांत आहे. (आयडी उगाच नाही घेतलेला.)

सोऱ्या मुख्यतः दोन प्रकारचा. एक वरून दांडा फिरवायचा, आट्यांचा, बहुतेक घरांतला पितळी असतो तो. दुसरा दोन्ही हातांनी दाबायचा. फिरवायच्या सोऱ्यात एका हाताने नळा घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने पिळायचं, म्हणजे दोन्ही मनगटं उलट्या दिशांना मुरडतात. ओलं फडकं पिळताना दुखत असेल तर हाही दुखणारच. दाबायच्या सोऱ्यात निदान जोर तळहातातून, खांद्यातून लावता येतो. ओटा उंच पडत असेल तर तो खालच्या टेबलावर, उभं राहून, अंगाचा भार टाकून वापरा. हल्ली बॅटरीवर चालणारेही मिळतात, पण मऊ पिठालाच बरे, भाजणी थंड झाली की कण्हतात.

खरी गोम पिठात आहे. पाणी, तेल, तिखट, मीठ, तीळ सगळं एकत्र उकळून गॅस बंद करायचा, भाजणी त्यात घालून झाकून ठेवायची अर्धा तास. वाटीला वाटी पाणी, भाजणी नवी असेल तर जरा कमी. कोमट असतानाच थोडी थोडी मळून लगेच सोऱ्यात भरायची. सगळा गोळा एकदम मळलात की शेवटचा निम्मा दगड होतो. पण दाबायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवू नका, चकली तेल पिते आणि दुसऱ्या दिवशी वातड होते.

अवांतर: एकदा खिडकीच्या फटी बुजवायची सिलिकॉनची बंदूक नवी कोरी आणून, तिच्यात नळी बसवून चकली पाडायचा प्रयोग केला होता. चकली पडली. माझीही घरातली पत पडली.

टवाळ_बोका
फोटो असल्याशिवाय बंदुकीवर विश्वास ठेवला जाणार नाही.

मेथीदाणा
ताई, एवढं सगळं करण्यापेक्षा मूळ दुखण्यावर उपाय करा. माझ्या मावशीला संधिवात होता. रोज एक मेथीचा लाडू, आंबट पूर्ण बंद आणि त्या जालीम गोळ्याही बंद. सहा महिन्यांत टुणटुणीत.

खडीसाखर
मी संधिवाताचीच डॉक्टर आहे. इथे सहसा वाचनमात्र असते, पण हे वाचून राहवलं नाही.

मेथीदाणा, मेथीचे लाडू जरूर खावेत, मलाही आवडतात. "गोळ्या बंद" मात्र कृपा करून कुणाला सांगू नका. झिजेचा संधिवात वेगळा आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. औषध बंद केल्यावर काही दिवस बरंही वाटू शकतं, पण आत सांधा खात राहतो, आणि वाकडं झालेलं बोट पुन्हा सरळ होत नाही. मावशींना नक्की काय होतं ते आपल्याला माहीत नाही.

आणखी एक, सणाच्या गडबडीत ही चूक होते म्हणून. ज्यांना मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं नेहमीचं औषध) आहे त्यांनी ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं. रोज नाही. चुकून रोज घेतल्याने रक्तातल्या पेशी धोकादायक घसरलेले रुग्ण मी पाहिलेत. वार चुकला तर मनाने दोन डोस एकत्र करू नका, डॉक्टरांना फोन करा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या वाराला गोल करून ठेवा, घरातल्या दुसऱ्या कुणालाही तो वार माहीत असू द्या.

आंबटाचं म्हणाल तर आमवातात सरसकट आंबट बंद करायची गरज नसते. चिवड्यात आमचूर खुशाल घाला.

नांदेडकर
खडीसाखर यांना शंभर वेळा अनुमोदन. माझ्या वडिलांनी एका वैदूच्या पुड्या घेतल्या. पंधरा दिवसांत जिने चढायला लागले, आम्ही खूश. चार महिन्यांत चेहरा पुरीसारखा फुगला आणि साखर तीनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टेरॉइड असणार, आणि आता एकदम बंदही करता येणार नाही, हळूहळू उतरवावं लागेल. पुडीवर नाव नाही, गाव नाही, नुसती कागदाची घडी.

मेथीदाणा
मी माझा अनुभव लिहिला. पटला नाही तर सोडून द्या. लाडवाची कृती हवी असल्यास देईन.

कोथिंबीरवडी
कृती द्याच. त्यावर कुणाचं भांडण नाही.

अर्धी_भाकर
मोगरी, तुझी काडेपेटी वाचून बराच वेळ काही लिहिता येईना.

मला फायब्रोमायॅल्जिया आहे. ना सूज, ना एक्स-रेमध्ये काही, रक्ताचे सगळे रिपोर्ट सुरेख. अंग मात्र रोज कुणीतरी कुटून काढल्यासारखं. निदान व्हायला पाच वर्षं गेली, त्यात "मन रमव कशात तरी" हे औषध सगळ्यांनी फुकट दिलं. तुझी बोटं सुजलेली दिसतात तरी, असं कधीकधी वाटतं, आणि मग असं वाटल्याची लाज वाटते.

मी फराळ करते. माझी एकच अक्कल सांगते, ती फार महाग पडून आलेली आहे. बरा दिवस आला की आपण सुटतो. आज जमतंय तर करंज्याही उरकून टाकू, शंकरपाळेही. पुढचे तीन दिवस मग अंथरुणात. मी आता घाणे मोजते. तीन घाणे झाले की गॅस बंद, बसायचं. कढई अर्धी भरलेली असो, पीठ वाळत असो, दारात कुणी येवो. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. हे शिकायला मला चकलीची भाजणी शिकण्यापेक्षा जास्त वर्षं लागली.

आणि तीन आठवड्यांत पसरव. पहिल्या आठवड्यात नुसतं सामान निवडून, मोजून पुड्या बांधून ठेवायच्या. दुसऱ्यात शंकरपाळे आणि चिवडा, ते टिकतात. ओलं खोबरं असलेलं काही करायचंच असेल तर अगदी शेवटी.

मोगरी
अर्धी_भाकर, लाज कसली गं. मला उलट वाटतं, माझा हात दिसतो म्हणून लोक निदान पिशवी तरी धरतात. "तीन घाणे" आजपासून माझे.

कोथिंबीरवडी, वड्या नक्की. सोऱ्यावाला, आमच्याकडे फिरवायचाच आहे, सासूबाईंच्या लग्नातला. तो माळ्यावर जाणार बहुतेक.

परसातली_तुळस
सासूबाईंवरून आठवलं. माझ्या साबांचे हात अखेरच्या वर्षांत अगदी वाकडे झाले होते, पण आम्ही त्याला "म्हातारपण" म्हणून मोकळे. त्या करंजीची कड डाव्या हाताने कातायच्या. कातणं डाव्या हातात, उजवा नुसता करंजीवर टेकवलेला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसंच बघितलं, म्हणून मला वाटायचं त्या डावऱ्याच आहेत. त्या गेल्यावर ट्रंकेत त्यांच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाचा फोटो मिळाला. फळ्यावर काहीतरी लिहितायत, उजव्या हाताने.

बावीस वर्षं एका ओट्यापाशी उभ्या होतो आम्ही.

गूळपोळी
😔

सखाराम_शिंपी
धाग्यावर अजून कुणी विचारलं नाही म्हणून मी पुरुष असून विचारतो. नवरे काय करतायत? कुकरचं झाकण लावलं, छान. भाजणी मळायला काय झालं?

टवाळ_बोका
झाली सुरुवात. पॉपकॉर्न कुणाकडे आहे? (चिवडा चालेल.)

मोगरी
सखाराम, नवऱ्याचा स्वभाव "आणू या की विकत" असा आहे. त्यात प्रेमच आहे, मला दुखू नये म्हणून. पण करू लागायचं म्हटलं की "मला जमणार नाही, तुलाच आवडणार नाही." आणि खरं सांगू का, मागच्या वर्षी त्याने शंकरपाळ्यांची पोळी लाटली तेव्हा मी मागे उभी राहून इतक्या सूचना दिल्या की तो लाटणं ठेवून निघून गेला. म्हणजे दोष निम्मानिम्मा.

बेसनबहाद्दर
मोगरीताई, त्या लाटण्याच्या दुसऱ्या टोकाला मी चार वर्षं आहे. बायकोला मणक्याचा त्रास, उभं राहणं बंद. आमच्याकडे बेसन आणि तळण माझ्याकडे. पहिल्या वर्षी ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि दर मिनिटाला "वास आला का? अजून नाही? रंग बघ. कडा बघ." मी शेवटी म्हणालो, एकतर तू भाज नाहीतर मला करपवू दे. एक घाणा खरंच करपवला. तो टाकून दिला आणि दुसरा चांगला झाला. आता ती बाहेरच्या खोलीत बसते आणि वास आला की तिथूनच "काढ!" म्हणून ओरडते. वेळ अजून तिचीच बरोबर असते.

तर एक घाणा करपू द्या. अर्धा किलो बेसन जातं, पण कायमचा हात मिळतो.

जर्सीवाली_जाऊ
आम्ही न्यू जर्सीत दहाबारा घरं मिळून फराळ वाटून घेतो. प्रत्येकीने एकच पदार्थ सगळ्यांसाठी करायचा आणि एका रविवारी अदलाबदल. एक पसारा, एकच कढई, आणि डब्यात मात्र सगळं. मोगरी, सोसायटीत असं करून बघ.

खडीसाखर
कल्पना गोड आहे, पण सांधेदुखीवाल्यांनी जपून. दहा घरांसाठी एकच पदार्थ म्हणजे तीच हालचाल तीनशे वेळा. सुजऱ्या सांध्याला सगळ्यात वाईट तेच. त्यापेक्षा अर्धा तास निवडणं, मग वेगळं काही, मग बसून डबे पुसणं, अशी अदलाबदल हाताला मानवते. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच शिकवतात, की मोठ्या सांध्याला काम द्या, लहान सांध्याला सोडवा. पातेलं बोटांनी कडांना धरून नको, दोन्ही तळहात खाली घालून उचला. पिशवी बोटात नको, कोपरावर लटकवा. झारा, उलथनं यांच्या मुठी जाड करून घ्या, बारीक मूठ आवळायला जास्त जोर लागतो.

जर्सीवाली_जाऊ
अय्या, हे लक्षातच आलं नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे शंकरपाळे होते आणि नंतर दोन महिने कोपर धरून बसले होते. मला वाटलं बर्फ उपसून झालं.

सोऱ्यावाला
जाड मुठीसाठी: पाण्याच्या गरम नळावर चढवतात तो काळा फोमचा पाइप हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. वीतभर कापून झाऱ्याच्या दांड्यावर चढवा. गॅसपासून लांब, टोकाकडे. आणि परातीखाली ओलं फडकं ठेवा, परात धरायला दुसरा हात अडकत नाही.

म्हापशाची_मावशी
इकडे गोव्यात नाताळाला कुस्वाराची ताटं शेजारी फिरतात. त्यात कुलकुलं, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. आमच्या शेजारच्या आंटीचा दोदोल म्हणजे वाड्यावर नाव होतं. दोदोल करणं म्हणजे नारळाचा रस, गूळ आणि तांदळाचं पीठ तासन् तास ढवळत राहायचं, घट्ट होत जातं तसा खांदा निखळतो. आंटीचा खांदा गेला तेव्हा तिने ढवळणं सोडलं. दोदोल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेते, कुलकुलं घरी करते. पिठाची गोळी नव्या फणीवर अंगठ्याने दाबत वळवायची असते. आता ती खुर्चीवर बसून मळते तेवढं, आणि वळायला आमच्या घरातली दोन आणि तिची तीन पोरं. निम्मी वाकडी होतात. ताट येतं तेव्हा आंटी स्वतःच सांगते, "दोदोल बाजारचा, कुलकुल वाकडे तितके तुझ्या पोरांचे."

आमच्याकडून तिच्याकडे चवथीला नेवऱ्या जातात, नाताळाला तिच्या आमच्याकडे येतात. कुणी कधी मोजलं नाही कुठलं घरचं नि कुठलं बाजारचं.

स्पष्टवक्ता_सांगली
मला थोडं वेगळं वाटतं. विकतचं द्यायला हरकत काहीच नाही, पण मग सांगावं. आमच्याकडे एका वहिनींनी "सगळं घरचं हं" म्हणून डबा दिला आणि अनारशांच्या तळाशी दुकानाचं स्टिकर. तेव्हापासून त्यांच्या आंब्याच्या लोणच्यावरही संशय येतो.

गूळपोळी
त्याहून भारी आमचं. आम्ही विकतचा एक बंद पुडा एका घरी दिला, त्यांनी तो दुसरीकडे दिला, आणि भाऊबीजेला तो तिसऱ्यांच्या हातून आमच्याकडे परत आला. कोपऱ्यावर मी पेनाने लिहिलेलं फ्लॅट नंबरचं ३०२ तसंच होतं.

टवाळ_बोका
पृथ्वी गोल असल्याचा घरगुती पुरावा.

परसातली_तुळस
विकतचं म्हणजे मोठ्या दुकानाचंच असं कुठे आहे? आमच्या इथे बचत गटाच्या बायका भाजणीची चकली किलोवर करून देतात, त्यांच्या भट्टीपाशी उभं राहून आणते. तेही कुणाच्या तरी हातचंच आहे की. मी डब्यात चिठ्ठी टाकते: चकली अमुक गटाची, आवडली तर नंबर मागा. त्यांना तीन नवी गिऱ्हाइकं मिळाली.

स्पष्टवक्ता_सांगली
चिठ्ठी पटली. माझा विरोध मागे.

अर्धी_भाकर
जाता जाता, डब्यांबद्दल कुणीच बोललं नाही. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे हा मला फराळापेक्षा मोठा शत्रू वाटतो. रबरी हातमोजा घालून उघडते. आणि सजावट! रिबिनी बांधणं सोडून दे, बाई.

मोगरी
अगदी! गेल्या वर्षी सॅटिनच्या १४ रिबिनींचे फुलबो बांधले. शेवटच्या चार डब्यांना मी रडत होते. आणि त्या रिबिनी लोकांनी कात्रीने कापल्या असणार, दोन सेकंदांत. यंदा कागदी पिशव्या, वर मुलाने काढलेलं आकाशकंदिलाचं चित्र चिकटवायचं. तो १६ वर्षांचा आहे, चित्र काढायला चालतं, सोऱ्या धरायला मात्र अभ्यास आठवतो.

तर सगळं वाचून माझं असं ठरतंय. चिवडा मी. बेसनाच्या वड्या मी, भाजणार नवरा (एक घाणा करपवायची परवानगी दिली आहे, चेहरा बघण्यासारखा होता). चकली बचत गटाची, चिठ्ठीसकट. करंजी बंद. डबे १४ चे ९.

एकच अडकलंय. अनारसे. आई करायची आणि आता ती नाही. ते सोडवत नाहीत.

कोथिंबीरवडी
अनारशाला तसा हाताला आराम असतो. तीन दिवस तांदूळ भिजतात, रोज पाणी बदलायचं तेवढंच. मग फडक्यावर सावलीत पसरून, ओलसर असतानाच मिक्सरला. गूळ मिसळून गोळा करून ठेवला की आठवडाभर तो आपला आपण मुरतो. खसखशीवर थापताना मात्र बोटांची टोकं लागतात. पण ११च कर ना. जावयाला अधिकात ३३ द्यायचे असतात, शेजाऱ्यांना कुणी आकडा सांगितलाय?

सोऱ्यावाला
गोळी प्लास्टिकवर ठेवून वाटीने दाबा, मग खसखशीवर टेकवा.

कोथिंबीरवडी
सोऱ्यावाला, जाळी पडत नाही तुमच्या वाटीने. बोटांचे ठसे पडायला हवेत. प्रत्येक गोष्टीला अवजार नसतं.

सोऱ्यावाला
बरं. माघार.

मोगरी
दिवाळी झाली. वृत्तांत द्यायचा राहिला होता, हात जरा ठिकाणावर आल्यावर लिहितेय.

नऊ डबे गेले. चिवडा छान. वड्या एकदम खमंग, नवऱ्याने करपवलाच नाही काही, उलट मीच मागून "झालं, झालं" म्हणून लवकर उतरवायला लावला पहिला घाणा, तो कच्चट राहिला. तो आता मला ऐकवतो.

अनारसे हसले. सगळेच्या सगळे. पहिला तुपात सोडला, दोन मिनिटं शहाण्यासारखा राहिला आणि मग कडेपासून सुटत सुटत अख्ख्या कढईभर झाला. गूळ जास्त झाला असावा, आई हाताने अंदाज घ्यायची, मी वाटीने घेतला. तांदळाची पिठी घालून बघितली, पुढचे चार थोडे कमी हसले, इतकंच. झाऱ्याने चुरा काढला, तूप निथळवलं आणि तो छोट्या पुड्यांत घालून चार डब्यांत ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं: "चकली बचत गटाची. अनारसे माझे, हसलेले."

वरच्या मजल्यावरच्या काकू, सत्तरीच्या पुढच्या, आमच्याकडे फार येणंजाणं नाही, डबा परत द्यायला आल्या. रिकामा डबा कुणी देत नाही, त्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या. हातात घेताना झाकण हललं. दाबलेलं नव्हतं, नुसतं वर ठेवलं होतं. मी बघतेय हे बघून म्हणाल्या, "मला लावता येत नाही आणि तुला उघडता येणार नाही. उगाच कशाला लावायचं?" मग त्यांनी हात पुढे केला आणि आम्ही दोघींनी दारात उभं राहून एकमेकींची बोटं बघितली, लहान मुली बांगड्या दाखवतात तशी. त्या कुठे दाखवतात, कोणती गोळी, कोणता वार, सगळं निघालं. त्यांचाही सोमवारच.

परसातली_तुळस
🙏

खडीसाखर
काकूंना सांगा, दोघींनी मिळून सोमवारी एकमेकींना आठवण करायची. आणि हो, रक्ततपासणी दिवाळीमुळे राहिली असेल तर या आठवड्यात करा.

मोगरी
राहिलीच आहे. उद्या जाते.

टवाळ_बोका
पंधरावा डबा अजून पोचलेला नाही. हसलेला चुरासुद्धा चालेल.

गूळपोळी
मोगरी, तो चिवडा कसा केलास ते लिही ना. अर्धा किलो पातळ पोहे मोठ्या कढईत परतताना माझा खांदा जातो आणि पोह्यांचा भुगा होतो तो वेगळाच.

मोगरी
गूळपोळी, परतायचेच नाहीत. पोहे दोन ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा ट्रे नुसता हलवायचा. चिमटीत चुरले की झाले. ओव्हन नसेल तर कडक उन्हात दोन तास, वर पातळ फडकं. मग मोठ्या पातेल्यात काढायचे. फोडणी वेगळी, पाऊण वाटी तेल, त्यात शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, मिरच्या, भरपूर कढीपत्ता, गॅस बंद करून हळद. ती निम्मी पोह्यांवर ओतायची, मीठ आणि पिठीसाखर भुरभुरवायची, झाकण ठेवून पातेलं दोन्ही तळहातांनी धरून घुसळायचं. मग उरलेली ओतून पुन्हा. झारा लागतच नाही.

मिरच्या मात्र आधी चिरून ठेव. आणि चिरायला दुसऱ्या कुणाला तरी बसव.